वायुराशी व सीमापृष्ठे : संकल्पनांचा इतिहास

लाखो चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेल्या आणि एकाच उंचीवर तापमान व आर्द्रता जवळजवळ सारखी असलेल्या हवेच्या विस्तीर्ण समूहाला वायुराशी म्हणतात. भिन्न गुणधर्मांच्या दोन वायुराशी एकमेकींना भिडल्या म्हणजे त्या सहजासहजी मिसळून जात नाहीत; त्यांच्या दरम्यान एक तिरपा, अरुंद संक्रमणाचा थर निर्माण होतो. या थराला सीमापृष्ठ म्हणतात. समशीतोष्ण कटिबंधातील ढग, पाऊस, हिमवर्षाव व वादळे यांचा मोठा भाग अशा सीमापृष्ठांलगतच आढळतो. ही गोष्ट आज शालेय पुस्तकांतही येत असली, तरी ती ध्यानात येण्यास हवेच्या दाबाचे मापन सुरू झाल्यानंतर पावणेतीनशे वर्षे जावी लागली. मधल्या काळात शास्त्रज्ञांच्या हाती दाबाचे आकडे होते, पुढे दाबाचे नकाशेही आले; परंतु वादळ कोठे आहे हे सांगणारा नकाशा ते का निर्माण झाले हे सांगत नव्हता, आणि या उणिवेची किंमत प्रामुख्याने समुद्रावरील माणसांनी मोजली.

दाबाचे मापन : एव्हांजेलिस्टा टॉरिचेली (१६०८–४७) यांनी फ्लॉरेन्स येथे १६४३ च्या सुमारास पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्याच पात्रात उलटी उभी केली, तेव्हा नळीतील पारा सुमारे ७६ सेंमी. उंचीवर स्थिरावला. पाऱ्याला तोलून धरणारे वजन बाहेरच्या हवेचे आहे, हा त्यांचा निष्कर्ष. हवा कधी जड व दाट, तर कधी हलकी व विरळ होते आणि हे बदल दाखविणारे उपकरण आपणास हवे होते, असे त्यांनी १६४४ मधील एका पत्रात म्हटले आहे. म्हणजे वायुदाबमापकाच्या जन्माबरोबरच हवामानाचा विचार त्यास जोडला गेला होता. दोन प्रदेशांतील हवेच्या घनतेतील फरकामुळे वारे उत्पन्न होतात, हे प्रतिपादनही टॉरिचेली यांचेच होय.

फ्रान्समधील प्यूई द दोम या डोंगरावर ब्लेझ पास्काल यांच्या सूचनेवरून त्यांच्या मेहुण्याने १९ सप्टेंबर १६४८ रोजी हे उपकरण चढवून नेले. सुमारे हजार मीटर चढल्यावर पारा आठ सेंमी.हून अधिक उतरला. याउलट समुद्रसपाटीवर मोठे वादळ आले तरी पारा बहुधा तीन-चार सेंमी. एवढाच उतरतो. उंचीमुळे पडणारा फरक हवामानामुळे पडणाऱ्या फरकाला सहज झाकून टाकतो, हे यावरून दिसेल. निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी समुद्रसपाटीच्या मानास आणल्याखेरीज त्यांची तुलना करता येत नाही, ही आज साधी वाटणारी बाब अंगवळणी पडण्यास पुढे पुष्कळ वर्षे लागली.

माग्डेबुर्क येथील ओटो फोन गेरिक यांनी १६६० मध्ये दाब एकाएकी उतरल्याचे पाहून वादळाचे भाकीत केले व ते खरे ठरले. लवकरच युरोपातील संपन्न घरांत भिंतीवर वायुदाबमापक टांगला जाऊ लागला आणि त्याच्या तबकडीवर ‘निरभ्र’, ‘बदल’, ‘पाऊस’ असे शब्द कोरले जाऊ लागले. हे शब्द दिशाभूल करणारे होते. दाब कमी असतानाही कित्येकदा पाऊस पडत नाही, आणि तो वाढू लागल्यावरही सरी कोसळतात. एकाच ठिकाणच्या आकड्यातून हवामान वाचण्याचा तो प्रयत्न होता, व तो फसणे अटळ होते.

नकाशे आणि तारायंत्र : एकाच वेळी अनेक ठिकाणी घेतलेल्या नोंदी एकत्र मांडण्याची कल्पना जर्मन शास्त्रज्ञ हाइन्‌रिख ब्रान्डेस यांनी १८१६ मध्ये सुचविली. मानहाइम येथील संस्थेने अठराव्या शतकाच्या अखेरीस अनेक देशांतून जमविलेल्या नोंदी त्यांना उपलब्ध होत्या. त्यांच्या आधारे त्यांनी १७८३ सालचे हवामान तपासले व १८२० मध्ये आपले विवेचन प्रसिद्ध केले. कमी दाबाचे क्षेत्र एका जागी न राहता सरकत जाते, हे त्यातून स्पष्ट झाले. सदतीस वर्षांपूर्वीच्या वादळाचा माग असा लावता आला, तरी उद्याच्या वादळाविषयी त्यातून काही कळणे शक्य नव्हते. कारण वादळापेक्षा वेगाने धावणारा निरोप्या अद्यापि अस्तित्वात नव्हता.

अमेरिकेत विल्यम रेडफील्ड यांनी १८२१ च्या एका झंझावातात उन्मळलेली झाडे पाहिली. एका भागात ती एका दिशेस, तर दुसऱ्या भागात नेमकी उलट दिशेस पडली होती. यावरून वादळातील वारे केंद्राभोवती चक्राकार फिरतात, असे प्रतिपादन त्यांनी १८३१ मध्ये केले. कलकत्ता येथे सागरी चौकशी न्यायालयाचे काम पाहणारे हेन्री पिडिंग्टन (१७९७–१८५८) यांनी बंगालच्या उपसागरातील जहाजांच्या रोजनिशा तपासून याच मतास पुष्टी दिली आणि सर्पाच्या वेटोळ्यावरून ‘सायक्लोन’ हा शब्द १८४८ मध्ये योजला. आज जगभर रूढ झालेला हा शब्द असा कलकत्त्याचा आहे. हुगळीच्या पूर्वेस मातला नदीवर नवे बंदर वसविण्याचा घाट घातला गेला, तेव्हा ते वादळी लाटेत वाहून जाईल असा इशारा पिडिंग्टन यांनी १८५३ मध्ये गव्हर्नर-जनरलना दिला होता. तो मानला गेला नाही. बंदर उभे राहिले आणि १८६७ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाले.

तारायंत्रामुळे परिस्थिती पालटली. क्रिमियाच्या युद्धात १४ नोव्हेंबर १८५४ रोजी बालाक्लाव्हानजीक आलेल्या वादळात इंग्रज व फ्रेंच आरमारांची अनेक जहाजे बुडाली. त्यांत सैन्याचे हिवाळी कपडे घेऊन आलेले एक जहाजही होते. फ्रेंच ज्योतिर्विद यूर्बँ ल व्हेर्ये यांनी देशोदेशींच्या शास्त्रज्ञांकडून त्या दिवसांच्या नोंदी मागविल्या. अडीचशेहून अधिक उत्तरे आली. त्यांवरून हे वादळ वायव्येकडून आग्नेयीकडे युरोप ओलांडून काळ्या समुद्रावर पोहोचल्याचे दिसून आले; तारेने सूचना धाडली असती, तर आरमारास सावध करता आले असते.

इंग्लंडमध्ये हे काम रॉबर्ट फिट्‌झरॉय (१८०५–६५) यांच्याकडे आले. चार्ल्स डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजातून जगप्रवासास गेले, त्याचे हे कप्तान. ऑक्टोबर १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून परतणारे ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटून चारशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर फिट्‌झरॉय यांनी १८६१ मध्ये बंदरांवर वादळसूचक चिन्हे चढविण्याची व्यवस्था केली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून त्यांचे दैनिक अंदाज लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापले जाऊ लागले. त्यांच्या १८६३ मधील ग्रंथात एक आकृती आहे. तीत ध्रुवाकडून येणारे थंड प्रवाह व दक्षिणेकडून येणारे उबदार प्रवाह परस्परांना भिडून भोवरे निर्माण करीत असल्याचे दाखविले आहे. आजच्या उपग्रह-छायाचित्रांशी तिचे साम्य पाहून वाचक थक्क होतो. परंतु ही कल्पना सिद्ध करण्याइतकी निरीक्षणे त्यांच्यापाशी नव्हती. अंदाज चुकत, वर्तमानपत्रे थट्टा करीत, शास्त्रज्ञ आधार विचारीत. ३० एप्रिल १८६५ रोजी फिट्‌झरॉय यांनी आत्महत्या केली. पुढे एका समितीने अंदाजांना शास्त्रीय पाया नाही असा निर्वाळा दिला व वादळसूचनाही बंद झाल्या. विशेष हे की, ज्यांच्यासाठी त्या दिल्या जात त्या किनाऱ्यावरील लोकांनीच तक्रार केली आणि १८६७ मध्ये त्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. दैनिक अंदाज मात्र १८७९ पर्यंत थांबले.

डच शास्त्रज्ञ बॉइस बॅलट यांनी १८५७ मध्ये दाब व वारा यांचा संबंध नियमात बसविला : उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास कमी दाबाचे क्षेत्र डाव्या हातास असते. पृथ्वीच्या परिवलनामुळे वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरळ न वाहता वळतो व समदाब रेषांना जवळजवळ समांतर वाहू लागतो, हे त्याचे कारण. यानंतरची पन्नास वर्षे समदाब रेषांच्या नकाशांची होत. हवामान कार्यालयांत अनुभवी माणसे या रेषांचे आकार पाहून, पूर्वीचे तत्सदृश नकाशे आठवून अंदाज बांधीत. ही एक कला होती. कसबी माणसांच्या हाती ती बरी साधे, पण ती दुसऱ्यास शिकविणे कठीण होते. कमी दाबाच्या क्षेत्रात एका बाजूस संततधार व दुसऱ्या बाजूस तुटक सरी का, याचे उत्तर समदाब रेषांच्या गुळगुळीत वर्तुळांत मिळत नसे.

उत्तराचे काही तुकडे या काळात स्वतंत्रपणे हाती आले होते. ऑस्ट्रियाचे माक्स मार्गुलेस (१८५६–१९२०) यांनी वादळातील वाऱ्यांची ऊर्जा दाबातील फरकातून नव्हे, तर शेजारी असलेल्या थंड व उबदार हवेच्या पुनर्मांडणीतून मिळते, हे गणिताने दाखविले. जड थंड हवा खाली बसते, उबदार हवा वर चढते आणि या क्रियेत मुक्त होणारी ऊर्जा वाऱ्यांच्या रूपाने प्रगट होते. अशा दोन हवांमधील पृष्ठ किती तिरपे राहील याचे सूत्रही त्यांनी १९०६ मध्ये मांडले. त्यांच्या कार्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. लवकर सेवानिवृत्ती पतकरून ते रसायनशास्त्राकडे वळले आणि महायुद्धोत्तर ऑस्ट्रियातील टंचाईत उपासमारीने मरण पावले.

बर्गेन संप्रदाय : नॉर्वेचे भौतिकीविज्ञ व्हिल्हेल्म ब्यर्कनेस (१८६२–१९५१) यांनी हवामानाचा अंदाज हा यामिकी व ऊष्मागतिकी यांचा प्रश्न असल्याचे १९०४ मध्ये प्रतिपादन केले. आजची वातावरणाची स्थिती पुरेशी अचूक ठाऊक असेल व ती बदलविणारे नियम ठाऊक असतील, तर उद्याची स्थिती गणिताने काढता यावी, हा त्यांचा विचार. त्यासाठी १९१३ मध्ये ते लाइपसिक येथे गेले. तेथे हेर्बेर्ट पेट्झोल्ड हा विद्यार्थी नकाशावर वारे जेथे एकत्र येतात अशा अभिसरण रेषांचा अभ्यास करीत होता. १९१६ मध्ये व्हर्दन येथील लढाईत तो मारला गेला. ते काम व्हिल्हेल्म यांचा मुलगा याकोब (१८९७–१९७५) याने उचलले. जर्मनीत काम करणे अशक्य होत चालल्याने १९१७ मध्ये हे कुटुंब नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गेन येथे आले.

नॉर्वे युद्धात तटस्थ होता. पण धान्याची आयात घटल्याने तेथे अन्नटंचाई भासत होती. जे काही पिकते ते तरी पावसात भिजू नये, ही निकड होती. त्यातच ब्रिटन व आइसलँड यांकडून येणाऱ्या हवामानाच्या तारा युद्धामुळे बंद झाल्या होत्या, आणि नॉर्वेचे हवामान तर पश्चिमेकडूनच येते. दूरच्या नोंदी मिळत नाहीत म्हणून जवळच्या नोंदी दाट घ्याव्यात, असा मार्ग ब्यर्कनेस यांनी काढला. १९१८ च्या उन्हाळ्यात निरीक्षण केंद्रांची संख्या सुमारे दसपट झाली. दीपस्तंभांचे रखवालदार, टेहळणी ठाण्यांवरील माणसे, मच्छीमार असे लोक दिवसातून अनेकदा वारा, आकाश व पाऊस यांची माहिती कळवू लागले. जगातील इतर कोणत्याही हवामान कार्यालयापाशी त्या वेळी इतका बारीक तपशील नव्हता. पेच म्हणून पतकरलेल्या उपायातून शोध लागला, असे येथे म्हणावयास हरकत नाही.

दाट नोंदींच्या या नकाशांत समदाब रेषा गुळगुळीत राहिल्या नाहीत. विशिष्ट ठिकाणी त्यांना कोन पडत होते, वाऱ्याची दिशा अचानक बदलत होती आणि तापमानही. कमी दाबाच्या क्षेत्रातून अशा दोन रेषा निघत असल्याचे याकोब ब्यर्कनेस यांच्या लक्षात आले. त्यांचा या विषयावरील निबंध १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय एकवीस होते. निबंध अवघा आठ पृष्ठांचा आहे. पुढच्या रेषेपाशी उबदार हवा थंड हवेच्या पाचरीवरून हलके हलके वर चढते. हा चढ इतका मंद असतो, की एक किलोमीटर उंची गाठण्यास तिला शंभर ते दोनशे किलोमीटर जावे लागते. म्हणून प्रथम उंच आकाशात तंतुमेघ दिसतात, मग ढगांचा पडदा खाली खाली येत जातो, सूर्याभोवती खळे पडते आणि अखेरीस तासन्‌तास रिमझिम लागते. मागच्या रेषेपाशी याच्या उलट थंड हवा उबदार हवेच्या खाली घुसून तिला झपाट्याने वर उचलते. येथील उतार अधिक उभा असल्याने गर्जन्मेघ उसळतात, पाऊस जोराचा पण अरुंद पट्ट्यात व थोडाच वेळ पडतो, वारा फिरतो, दाब चढू लागतो आणि आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. पाऊस पडत असताना पारा चढतो कसा, या घराघरांतील तबकड्यांनी निर्माण केलेल्या जुन्या कोड्याचे हे उत्तर होते.

या रेषा म्हणजे तिरप्या पृष्ठांच्या जमिनीवरील कडा होत. युरोपात चार वर्षे समोरासमोर ठाकलेल्या सैन्यांच्या बातम्या सर्वांच्या कानांत होत्या. रणांगणावरील आघाडीवरून या पृष्ठांना ‘फ्रंट’ असे नाव मिळाले, व मराठीत त्यास सीमापृष्ठाप्रमाणेच आघाडी असेही म्हणतात. हाल्व्होर सोलबर्ग यांनी असे चक्रवात सुटे नसून ध्रुवीय व उष्ण कटिबंधीय हवेच्या सीमेवर एकापाठोपाठ निर्माण होणारी कुटुंबे असल्याचे दाखविले. या सीमेला ध्रुवीय सीमापृष्ठ म्हणतात. स्वीडनचे टॉर बर्गेरॉन (१८९१–१९७७) यांना १९१९ च्या नोव्हेंबरात आढळले, की वेगवान शीत सीमापृष्ठ पुढील उष्ण सीमापृष्ठास गाठते आणि उबदार हवा जमिनीपासून पुरती उचलली जाते. वादळाचे हे वार्धक्य. ऊर्जेचा साठा संपल्याने ते यानंतर क्षीण होते. चक्रवाताला जन्म, वाढ व अंत असा जीवनक्रम आहे ही मांडणी १९२२ मध्ये पूर्ण झाली. त्यामुळे नकाशावर वादळाचे केवळ स्थानच नव्हे, तर वयही ओळखता येऊ लागले.

बर्गेरॉन यांनी १९२८ मध्ये वायुराशींची पद्धतशीर मांडणी केली. हवा एखाद्या विस्तीर्ण, एकसारख्या पृष्ठावर दीर्घकाळ रेंगाळली म्हणजे तेथील गुणधर्म उचलते : सायबीरियाच्या हिमाच्छादित भूमीवर ती थंड व कोरडी होते, उबदार महासागरावर उष्ण व दमट. तेथून निघाल्यावर वाटेतील भूपृष्ठाप्रमाणे ती पालटत जाते. थंड हवा उबदार पाण्यावरून गेल्यास खालून तापून अस्थिर होते व सरी देते; उबदार हवा थंड पृष्ठावर आल्यास धुके व निचले स्तरमेघ बनतात. नकाशावर शीत सीमापृष्ठास त्रिकोण व उष्ण सीमापृष्ठास अर्धवर्तुळे काढण्याची खूणही बर्गेरॉन यांच्याच सूचनेतून आली.

प्रसार व फेरविचार : जुन्या कार्यालयांनी ही पद्धत सावकाश स्वीकारली. कार्ल-गुस्ताव्ह रॉस्बी यांनी १९२६ नंतर ती अमेरिकेत नेली. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीवरील चढाईसाठी ५ जून १९४४ ही तारीख ठरली होती. वादळाच्या अंदाजामुळे ती एक दिवस पुढे ढकलण्यात आली आणि ६ जूनला मिळालेल्या थोड्या उघाडीचा लाभ घेण्यात आला. त्या वेळी सल्ला देणाऱ्यांत बर्गेनचे शिष्य स्व्हेर्रे पेटर्सन होते.

याच सुमारास उंचावरील हवेची निरीक्षणे वाढली व जुन्या चित्रातील उणिवा दिसू लागल्या. जूल चार्नी यांनी १९४७ मध्ये व एरिक ईडी यांनी १९४९ मध्ये असे सिद्ध केले, की चक्रवात वाढण्यासाठी तीक्ष्ण सीमापृष्ठ आधी असण्याची गरज नाही. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे तापमान पुरेसे झपाट्याने उतरत असले, तरी त्या प्रवाहात भोवरे आपोआप वाढू लागतात. सीमापृष्ठे पुष्कळदा या भोवऱ्यांमुळेच तीक्ष्ण होतात. कारण व परिणाम यांची अदलाबदल झाली. ऊर्जेविषयीचे मार्गुलेस यांचे म्हणणे मात्र टिकून राहिले. सागरी चक्रवातांत सीमापृष्ठे नेहमी एकमेकांस गाठतातच असे नाही, हेही १९९० मध्ये शापिरो व कीझर यांनी दाखविले. तरीही बर्गेनचे चित्र टाकून दिले गेले नाही. संगणकाने काढलेल्या नकाशांवर आजही त्याच खुणा उमटतात, कारण आकाशात जे दिसते त्याच्याशी ते चित्र जुळते.

भारतातील परिस्थिती : कलकत्त्याचे १८६४ मधील चक्रीवादळ व १८६६ चा ओरिसातील दुष्काळ यांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली व हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख झाले. लगेचच १८७६–७८ चा भीषण दुष्काळ उद्‌भवला. दख्खनचा मोठा भाग त्यात होरपळला. १८७७ मध्ये आशियाच्या विस्तीर्ण भूभागावर हवेचा दाब नेहमीपेक्षा अधिक राहिल्याचे ब्लॅनफर्ड यांनी नोंदविले. येथे सीमापृष्ठांचा सिद्धांत फारसा उपयोगी पडला नाही. उष्ण कटिबंधात शेजारच्या हवांच्या तापमानांत मोठा फरक नसतो, विषुववृत्ताजवळ परिवलनाचा परिणामही अल्प असतो, आणि पावसाची ऊर्जा प्रामुख्याने बाष्पाच्या संघननातून मिळते. मोसमी वाऱ्यांच्या सीमेस आंतरउष्णकटिबंधीय सीमापृष्ठ म्हणण्याची प्रथा काही काळ होती; पुढे ती सोडून अभिसरण पट्टा ही संज्ञा घेण्यात आली, ती याच कारणाने.

हिवाळ्यात मात्र भूमध्य समुद्राच्या दिशेने येणारे पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतात पोहोचतात. वाटेत त्यांची सीमापृष्ठे बरीचशी पुसट झालेली असतात, तथापि हिमालयावरील हिमवर्षाव व पंजाबातील गव्हास मिळणारा पाऊस यांचेच. विक्षोभ पुढे सरकल्यावर मागून येणारी कोरडी थंड हवा कधी कधी महाराष्ट्रापर्यंत उतरते आणि निफाडच्या द्राक्षबागांत पारा गोठणबिंदूच्या जवळ जातो. वायव्येकडील कोरडी हवा व समुद्रावरील दमट हवा यांची गाठ मध्य भारतावर पडली म्हणजे गारपीट संभवते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ, मराठवाडा व मध्य महाराष्ट्र यांतील रबी पिकांची अशाच परिस्थितीत मोठी हानी झाली.

मोसमी पावसाचे कोडे गिल्बर्ट वॉकर (१८६८–१९५८) यांनी निराळ्या वाटेने हाताळले. १९०४ ते १९२४ या काळात हवामान खात्याचे प्रमुख असताना त्यांनी जगभरातील दाबाच्या नोंदींचे परस्परसंबंध काढले. पॅसिफिक महासागरावर दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागरावर तो उतरतो, व याउलटही घडते, असे त्यांना आढळले. या हेलकाव्यास त्यांनी दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. त्याचे कारण त्यांना सांगता आले नाही आणि समकालीनांनी या आकडेमोडीकडे संशयाने पाहिले. १९६९ मध्ये लॉस अँजेल्स येथील एका वृद्ध प्राध्यापकाने, विषुववृत्तीय पॅसिफिकचे पाणी पूर्वेकडे तापले म्हणजे त्यावरील पूर्व-पश्चिम अभिसरण मंदावते व दाबाचा हेलकावा उलटतो, हे स्पष्ट केले. एल निन्यो या नावाने आता सर्वपरिचित असलेली ही घटना होय. १८७७ चा दुष्काळही अशाच एका प्रबळ एल निन्योच्या काळातील होता. त्या अभिसरणास त्याने वॉकर यांचे नाव दिले. हा प्राध्यापक म्हणजे बर्गेनचा याकोब ब्यर्कनेस होय. वॉकर यांचे निधन अकरा वर्षांपूर्वीच झाले होते.